अल्टिमीटरवर दाब कोणता लावायचा? क्यूएनएच, क्यूएफई आणि १०१३ यांचा गुंता

खिडकीजवळचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेले काही महिने मी संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरवर विमान चालवण्याचा सराव करीत आहे. काल रात्री घडलेला एक प्रकार मला काही केल्या उलगडत नाही, म्हणून हा धागा काढीत आहे.

विमान ७,००० फुटांवर सरळ रेषेत चालले होते आणि अल्टिमीटरच्या, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्राच्या, छोट्या खिडकीत १०१३ हा दाबाचा आकडा लावलेला होता. उतरण्याची परवानगी देताना नियंत्रकाने ‘क्यूएनएच ९९३’ असे सांगितले. मी नॉब फिरवून ९९३ लावले आणि काटा बघता बघता ६,४५० वर आला. विमान तसूभरही खाली गेलेले नव्हते, इंजिनाचा आवाज तोच होता, क्षितिज जागच्या जागी होते. तरी साडेपाचशे फूट कोठेतरी गेले.

माझे प्रश्न असे आहेत. आधीचा आकडा खोटा होता की नंतरचा? आधीचा खोटा असेल, तर वर असताना मुद्दाम तोच दाब लावायला का सांगतात? आणि क्यूएफई नावाचा जो तिसरा प्रकार पुस्तकांत दिसतो, तो कोण वापरतो?

पारा७६०

प्रश्न फार नेमका विचारला आहे. उत्तराची सुरुवात एका गोष्टीपासून करावी लागेल, ती म्हणजे अल्टिमीटर उंची मोजतच नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि तो दाब फुटांच्या भाषेत लिहिलेल्या तबकडीवर दाखवतो. आत हवा काढून घेतलेली, लाटालाटांच्या पातळ पत्र्याची बंद डबी असते. बाहेरचा दाब कमी झाला की ती फुगते, वाढला की दबते, आणि ती हालचाल दातेरी चाकांमधून काट्यापर्यंत पोहोचते.

दाबावरून उंची काढायची तर दोन गोष्टी गृहीत धराव्या लागतात. वर जाताना दाब कोणत्या प्रमाणात घटतो, ही पहिली. त्यासाठी प्रमाण वातावरण नावाचा एक आंतरराष्ट्रीय आराखडा ठरलेला आहे: समुद्रसपाटीला तापमान १५ अंश सेल्सिअस, दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल, म्हणजेच ७६० मिलिमीटर किंवा २९.९२ इंच पारा, आणि दर किलोमीटरला तापमानात साडेसहा अंशांची घट. समुद्रसपाटीच्या आसपास एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे २७ फूट होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे शून्य कोठे धरायचा. नॉब फिरवताना आपण एवढेच ठरवतो. खिडकीत जो दाब लावाल, तो दाब ज्या पातळीवर असेल ती पातळी शून्य. क्यूएनएच लावला की शून्य समुद्रसपाटीवर येतो आणि धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानात त्या विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. क्यूएफई लावला की शून्य त्या विमानतळावरच येतो आणि धावपट्टीवर काटा शून्य दाखवतो. १०१३ लावला की शून्य, त्या दिवशी तो दाब जेथे असेल तेथे जातो. ती जागा समुद्राच्या वर असेल किंवा, विचित्र वाटले तरी, समुद्राच्या पोटात असेल.

आपल्या उड्डाणात समुद्रसपाटीचा दाब ९९३ होता. म्हणजे १०१३ ची पातळी समुद्राखाली साधारण ५५० फुटांवर होती आणि आपले ७,००० फूट तेथून मोजलेले होते. दोन्ही आकडे खरे होते, त्यांचे शून्य वेगळे होते.

निवांतवाचक

वाखूण साठवली. ‘समुद्राच्या पोटातील शून्य’ आवडले.

शंकासूर

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? उपग्रहावरून उंची कळण्याच्या काळात आपण शंभर वर्षांपूर्वीची फुगणारी डबी घेऊन बसलो आहोत. प्रत्येक विमानात जीपीएस आहे. त्याचीच उंची वापरा, नॉबही नको आणि धागाही नको.

घड्याळजी

शंकासूर यांच्या प्रतिसादाला उत्तर जाणकार देतील, मी माझी फजिती सांगतो. मागच्या प्रवासात वैमानिकाने आपण ३६,००० फुटांवर असल्याचे जाहीर केले, तेव्हा माझ्या मनगटावरील घड्याळाचा उंचीमापक ७,१०० फूट म्हणत होता. मी हे शेजारच्या प्रवाशाला मोठ्या उत्साहाने दाखवले. त्याने काही न बोलता सीटबेल्ट आवळला.

पारा७६०

@घड्याळजी, आपले घड्याळ प्रामाणिक होते. प्रवासी विमानांच्या केबिनमध्ये हवा दाबून भरलेली असते आणि नेहमीच्या उड्डाणात आतला दाब ८,००० फुटांवरील दाबापेक्षा कमी होऊ देत नाहीत. घड्याळ केबिनचा दाब मोजत होते. विमानाचा अल्टिमीटर मात्र बाहेरचा दाब घेतो. विमानाच्या अंगावर, वाऱ्याचा थेट मारा लागणार नाही अशा जागी बारीक छिद्रे असतात, त्यांना स्टॅटिक पोर्ट म्हणतात. तेथून नळी थेट यंत्राच्या बंद पेटीत जाते.

मनोरा

मी हवाई वाहतूक नियंत्रणात काम करतो, त्यामुळे शंकासूर यांच्या आक्षेपाला उत्तर देणे माझ्याकडे येते.

वर उडणाऱ्या विमानांना आपण समुद्रापासून नेमके किती फुटांवर आहोत याच्याशी फारसे कर्तव्य नसते. त्यांना दुसऱ्या विमानापासून आपण किती वर किंवा खाली आहोत, हे महत्त्वाचे असते. दोन विमाने एकमेकांवरून जात आहेत, दोघांनी १०१३ लावले आहे आणि त्या दिवशी दाब व तापमान काहीही असल्यामुळे दोघांचा आकडा खऱ्या उंचीपासून ८०० फुटांनी चुकतो आहे, असे समजा. एकाच जागी, एकाच हवेत दोघांची चूक जवळजवळ सारखीच असते, म्हणून त्यांच्यामधले अंतर अबाधित राहते. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात आज फक्त १,००० फुटांच्या अंतराने समोरासमोरून विमाने जातात, ती या सामाईक चुकीच्या भरवशावर. यांतील काहींनी उपग्रहाची उंची धरली आणि काहींनी दाबाची, तर ही व्यवस्था त्याच क्षणी कोलमडेल. शिवाय महासागराच्या मध्यावर क्यूएनएच सांगणार कोण? तेथे सगळ्यांचा एकच दाब असणे हाच एक मार्ग आहे. अशा वेळी उंची फुटांत न सांगता फ्लाइट लेव्हलमध्ये सांगतात. ३५० म्हणजे १०१३ लावून ३५,००० फूट.

शंकासूर

मनोरा यांचे म्हणणे पटले. पण मग सगळीकडे, अगदी जमिनीपर्यंत, १०१३ च ठेवा. सामाईक चूक एवढी गुणाची असेल तर ती अर्ध्यावर का सोडता?

उतरती वाट

कारण डोंगर त्या करारात सामील नाहीत.

जमिनीजवळ दुसऱ्या विमानाइतकीच जमीनही टाळायची असते आणि ती हवामान पाहून वरखाली होत नाही. नकाशावर शिखर ४,२०० फूट लिहिलेले असते ते समुद्रसपाटीपासून, म्हणून यंत्राचा शून्यही समुद्रसपाटीवर आणावा लागतो. मी बरीच वर्षे छोट्या विमानांवर प्रशिक्षण दिले. विद्यार्थ्यांना मी एक स्वतः जुळवलेली ओळ पाठ करायला लावत असे: ‘जास्तीकडून कमीकडे, डोळे ठेवा खालीकडे.’ जास्त दाबाच्या प्रदेशातून कमी दाबाच्या प्रदेशात गेलात आणि नॉब तसाच ठेवलात, तर काटा स्थिर दिसतो, पण विमान हळूहळू खाली सरकत जाते, कारण आपण स्थिर उंचीवरून उडत नसून स्थिर दाबाच्या पृष्ठभागावरून उडत असतो आणि तो पृष्ठभागच उताराला लागलेला असतो.

क्षितिजरेषा

माझ्या समजुतीप्रमाणे याच्या उलट व्हायला हवे. दाब कमी झाला की अल्टिमीटर कमी दाखवणार, नाही का?

उतरती वाट

@क्षितिजरेषा ताई, ही गल्लत जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी एकदा करतो. अल्टिमीटरच्या दृष्टीने कमी दाब म्हणजे जास्त उंची. विमान जमिनीवर उभे ठेवून झोपा आणि रात्रीतून वादळी हवेमुळे दाब १० हेक्टोपास्कलने उतरू द्या. सकाळी तेच विमान सुमारे २७५ फूट ‘वर’ गेलेले दिसेल. आता हेच उडताना घडले तर वैमानिक जास्तीचे पावणेतीनशे फूट कमी करायला नाक खाली घालतो. म्हणून खिडकीतील आकडा खऱ्या क्यूएनएचपेक्षा मोठा असणे धोक्याचे असते. लहान असला तर विमान प्रत्यक्षात वर राहते. क्यूएनएच जाहीर करताना अपूर्णांक नेहमी खालच्या पूर्णांकावर आणतात, १००९.८ असला तरी १००९ सांगतात, ते यामुळेच.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली चूकही सांगतो. एका संध्याकाळी उतरण्याच्या फेरीत शिरताना १००३ ऐवजी १०१३ लागलेले राहिले. नॉबला हात घातला त्याच क्षणी रेडिओवर कोणीतरी मला हाक मारली, मी उत्तर दिले आणि हात परत नॉबकडे गेलाच नाही. काट्यानुसार मी जमिनीपासून १,००० फुटांवर होतो. खाली नेहमीची झाडी होती. त्या फेरीच्या उंचीवरून ती एक हिरवा ठिपका दिसत असे, त्या दिवशी मला तिच्यातल्या फांद्या वेगवेगळ्या दिसू लागल्या. आधी वाटले, उजेड छान पडला आहे. मग खिडकीतला आकडा पाहिला.

खिडकीजवळचा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. म्हणजे वर १०१३ आणि खाली क्यूएनएच. मग ही सीमा कोणी आखली आहे, आणि सीमेवर एक विमान १०१३ वर व दुसरे क्यूएनएचवर असेल तर काय होते?

मनोरा

त्या सीमेला दोन कडा आहेत. वर जाताना ज्या उंचीवर क्यूएनएच सोडून १०१३ लावायचा तिला ट्रान्झिशन अल्टिट्यूड म्हणतात. खाली येताना ज्या फ्लाइट लेव्हलला १०१३ सोडून क्यूएनएच लावायचा तिला ट्रान्झिशन लेव्हल. पहिली छापील नकाशात ठरलेली असते, दुसरी त्या दिवशीच्या दाबाप्रमाणे बदलते. दोहोंच्या मधल्या पट्ट्यातून फक्त चढायचे किंवा उतरायचे, तेथे सरळ उडत राहायचे नाही.

हे का, ते आपल्याच उदाहरणावरून दिसते. समजा ट्रान्झिशन अल्टिट्यूड ६,००० फूट आहे. एक विमान ९९३ लावून बरोबर ६,००० वर आहे आणि आपण १०१३ लावून ७,००० वर, म्हणजे फ्लाइट लेव्हल ७० वर. दोन्ही तबकड्यांवरचे आकडे पाहिले तर मध्ये १,००० फूट आहेत. प्रत्यक्षात आपण ६,४५० वर आहात, म्हणजे मध्ये केवळ ४५० फूट उरले. फ्लाइट लेव्हल ६० वरचे विमान तर खरे पाहता ५,४५० वर, म्हणजे ६,००० वरच्या विमानाच्या खाली जाते! म्हणून जेथे मध्ये निदान १,००० फूट ठेवण्याचा नियम आहे, तेथे अशा दिवशी ट्रान्झिशन लेव्हल ८० वर नेतात. काल आपल्या सिम्युलेटरमधील नियंत्रकाने आपल्याला ७० वर ठेवले असेल, तर त्याच्या कामाबद्दल मला थोडी शंका आहे.

ही सीमा सर्वत्र सारखी नाही. अमेरिका आणि कॅनडामध्ये ती १८,००० फुटांवर आहे. अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूभागातील सर्वोच्च शिखर साधारण १४,५०० फुटांचे असल्यामुळे डोंगरांचा प्रश्न तेथे सीमेच्या खालीच मिटतो. इतर अनेक देशांत ती विमानतळागणिक वेगळी असते आणि कित्येक ठिकाणी पाच-सहा हजार फुटांच्या आसपास असते. सबंध जगाने एकच सीमा ठेवावी अशी चर्चा जुनी आहे. माझ्या निवृत्तीपर्यंत ती चर्चाच राहील असा माझा अंदाज आहे.

तारायंत्र

थोडे विषयाच्या कडेने. क्यूएनएच ही कोणत्याही शब्दांची आद्याक्षरे नाहीत. जहाजे आणि किनाऱ्यावरील केंद्रे यांच्यात तारायंत्राने बोलताना वेळ वाचावा म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी ‘क्यू’ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी खुणांची यादी केली गेली. पुढे तिच्यातला क्यूएएपासून क्यूएनझेडपर्यंतचा भाग विमानोड्डाणासाठी राखला गेला. त्यामुळे ‘एन’ म्हणजे अमुक आणि ‘एच’ म्हणजे उंची असे जे अर्थ सांगतात, ते लक्षात ठेवण्यासाठी नंतर रचलेले आहेत.

नॉब आणि खिडकी या जोडीला पॉल कोल्समन यांचे नाव आहे. त्यांनी १९२८ मध्ये बनवलेला संवेदनशील अल्टिमीटर वापरून अमेरिकन वैमानिक जिमी डूलिटल यांनी २४ सप्टेंबर १९२९ रोजी कॉकपिट झाकून, बाहेरचे काही न पाहता, केवळ यंत्रांच्या आधारे उड्डाण करून विमान उतरवून दाखवले. ती खिडकी आजही कोल्समन यांच्याच नावाने ओळखली जाते.

क्षितिजरेषा

@उतरती वाट, खुलासा पोहोचला, आभारी आहे. क्यूएफईविषयी कोणीच बोलले नाही. उतरताना काटा शून्यावर यावा, यापेक्षा सरळ काय असू शकते?

उतरती वाट

एकाच धावपट्टीभोवती घिरट्या घालणाऱ्यासाठी ते खरोखर सरळ आहे. ग्लायडर उडवणाऱ्यांत आणि काही लष्करी तळांवर ती पद्धत रुळलेली आहे. पण ज्याला एका विमानतळावरून उठून दुसरीकडे जायचे आहे त्याला वाटेतल्या प्रत्येक डोंगराच्या उंचीतून आपल्या विमानतळाची उंची वजा करीत बसावे लागते, आणि ऐनवेळी उतरणे रद्द करून पुन्हा वर जायचे झाले तर त्या घाईत आणखी एकदा दाब बदलावा लागतो. उंचावरच्या विमानतळांवर तर ते शक्यच होत नाही. चीनमधील दाओचंग यादिंग विमानतळ ४,४११ मीटरवर आहे. तेथील हवेचा दाब ५८५ हेक्टोपास्कलच्या आसपास येईल आणि नेहमीच्या अल्टिमीटरच्या खिडकीत एवढा लहान आकडा बसतच नाही.

नट_बोल्ट

मी या यंत्रांची दुरुस्ती करीत असे, म्हणून टेबलावरून काय दिसते ते सांगतो. जुन्या पद्धतीचा अल्टिमीटर उघडला की आत पत्र्याच्या दोन किंवा तीन डब्या एकावर एक चिकटवलेल्या दिसतात. त्यांची हालचाल इतकी बारीक असते की नुसत्या डोळ्यांना ती जाणवत नाही. तिच्यावरून मोठा काटा दर हजार फुटांना एक पूर्ण फेरी मारतो. इतक्या मोठ्या गुणाकारात घर्षणाचाही गुणाकार होतो. चाचणीच्या पेटीतला दाब बदलून थांबलो की काटा एका जागी येऊन बसे, आणि काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारली की आणखी वीस-तीस फूट सरके. पिस्टन इंजिनाचा थरथराट हे काम फुकट करीत असे. जेट विमाने शांत निघाली, तेव्हा काही अल्टिमीटरमध्ये मुद्दाम छोटा कंपक बसवावा लागला.

तीन काट्यांच्या तबकडीची एक वेगळीच गोम होती. शेकडा, हजार आणि दहा हजार यांचे काटे एकाच केंद्राभोवती फिरत, आणि सगळ्यांत महत्त्वाचा दहा हजारांचा काटा सगळ्यांत लहान असे. डिसेंबर १९५८ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ एक ब्रिटानिया विमान असेच जमिनीवर आदळले. दाब बरोबर लावला होता की नाही हा तेथे मुद्दाच नव्हता, कर्मचाऱ्यांनी तबकडी वाचताना दहा हजार फुटांची गफलत केली होती. नॉब कितीही नीट फिरवला, तरी वाचणारा माणूसच असतो.

शंकासूर

एक वेळ वैमानिक चुकला तरी नियंत्रकाच्या पडद्यावर विमानाची खरी उंची दिसतेच ना? रडार काय करते?

मनोरा

हा गैरसमज फार पसरलेला आहे, बरे झाले आपण विचारले. रडार माझ्यासाठी उंची मोजत नाही. विमानातील ट्रान्सपॉन्डर स्वतःच आपली उंची कळवतो आणि ती नेहमी १०१३.२५ च्या हिशेबाने कळवतो, वैमानिकाने खिडकीत काहीही लावलेले असो. स्थानिक क्यूएनएचप्रमाणे दुरुस्ती आमचा संगणक करतो. याचा फायदा असा, की दोन विमानांना परस्परांपासून वाचवणारी टक्कररोधक यंत्रणाही याच आकड्यावर चालते आणि नॉबच्या चुकीने ती फसत नाही. तोटा असा, की विमानाच्या आत येणारा दाबच चुकीचा असेल तर मलाही तोच चुकीचा आकडा दिसतो. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरूमधील लिमाहून निघालेल्या बोइंग ७५७ चे स्टॅटिक पोर्ट धुताना लावलेल्या चिकटपट्टीने झाकलेले राहिले होते. रात्री समुद्रावर वैमानिकांनी नियंत्रकाला आपली उंची विचारली, आणि त्याने प्रामाणिकपणे पडद्यावरचा सुमारे ९,७०० फुटांचा आकडा सांगितला. तो आकडा त्यांच्याच बिघडलेल्या यंत्रणेतून आलेला होता. विमान समुद्राला टेकले, विमानातील सर्व ७० जण गेले.

दुसरे उदाहरण आमच्या बाजूच्या चुकीचे आहे. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरणाऱ्या एका ए३२० ला क्यूएनएच १००१ ऐवजी १०११ सांगितला गेला. दहा हेक्टोपास्कल, म्हणजे सुमारे २८० फूट. त्या दिवशी धावपट्टीकडे नेणारा मार्ग जमिनीवरील रेडिओ किरणाचा नव्हता. उतरण्याची तिरकी रेषा विमान स्वतःच्या दाबमापकावरून आखत होते, त्यामुळे ती संपूर्ण रेषाच २८० फूट खाली सरकली. बाहेर पाऊस आणि ढग होते. धावपट्टीच्या टोकापासून साधारण पाऊण सागरी मैलावर विमान जमिनीपासून अवघ्या ६ फुटांवर आले आणि तेवढ्यात उतरणे रद्द करून वर गेले. कोणालाही इजा झाली नाही. दुसऱ्या प्रयत्नातही दाब तोच चुकीचा होता, पण या वेळी धावपट्टी डोळ्यांना दिसली आणि त्यांनी मार्ग सावरला. दहा हा आकडा कानाला किती किरकोळ वाटतो, एवढ्यासाठी हे सांगितले.

शंकासूर

सहा फूट? माझ्या घरातली कपाटे त्याहून उंच आहेत. पण मनोराजी, हे उदाहरण माझ्याच बाजूचे झाले. तेथे उपग्रहाची रेषा असती तर?

मनोरा

तर रेषा चुकली नसती, हे मान्य करतो. उपग्रहाच्या दुरुस्त केलेल्या संकेतावर किंवा जमिनीवरील किरणावर आखलेली उतरण नॉबने हलत नाही. मात्र ‘या उंचीवर धावपट्टी दिसली नाही तर परत फिरा’ ही मर्यादा त्या पद्धतींतही बहुधा अल्टिमीटरवरच वाचली जाते. आपला मुद्दा शेवटच्या काही मैलांपुरता खरा आहे. वरच्या आकाशासाठी माझे आधीचे उत्तर कायम आहे.

उतरती वाट

एककांचा सापळा राहून गेला. अमेरिका, कॅनडा, जपान येथे दाब इंच पाऱ्यात सांगतात, बहुतेक जगात हेक्टोपास्कलमध्ये. हवामानाच्या छापील संदेशात आकड्यापूर्वी ‘ए’ असेल तर इंच आणि ‘क्यू’ असेल तर हेक्टोपास्कल, हे स्पष्ट असते. तोंडी बोलताना तो आधार नसतो. नियंत्रकाने ‘नऊ नऊ दोन’ म्हटले, त्याच्या मनात ९९२ हेक्टोपास्कल आहे, आणि आयुष्यभर इंचांत उडलेल्या, लांबच्या प्रवासाने थकलेल्या वैमानिकाने सवयीने २९.९२ लावले. जवळजवळ ६०० फुटांची चूक झाली आणि तीही धोक्याच्या बाजूची. म्हणून एकक उच्चारून आकडा परत म्हणून दाखवायचा आणि दोन्ही वैमानिकांनी एकमेकांची खिडकी पाहायची.

क्षितिजरेषा

क्यूएनएच अगदी बरोबर लावला, तर मग उंची अगदी बरोबर असते, एवढे तरी निश्चित समजावे का?

पारा७६०

दुर्दैवाने नाही. पहिल्या प्रतिसादात मी दोन गृहीतके सांगितली होती. क्यूएनएच त्यांतले दुसरे, शून्याचे, दुरुस्त करतो. दाब कोणत्या प्रमाणात घटतो हे पहिले गृहीतक तो तसेच ठेवतो. थंड हवा दाटीने बसते, त्यामुळे तीत तेवढाच दाब कमी उंचीत घटतो. विमानतळावर उणे ३० अंश तापमान असेल, तर त्याच्यापासून १,००० फूट उंचीवर अल्टिमीटर साधारण १९० फूट जास्त दाखवतो आणि २,००० वर ३८० फूट. धावपट्टीवर मात्र चूक शून्य असते, कारण क्यूएनएच तेथेच मोजलेला असतो; जसजसे वर जावे तसतशी ती वाढते. कडक थंडीच्या प्रदेशांत नकाशावरील किमान उंचीत म्हणूनच तक्त्यावरून भर घालतात. उष्ण हवेत याच्या उलट घडते आणि विमान दिसते त्यापेक्षा वर असते.

जाता जाता आणखी एक. हवामानखात्याच्या नकाशावरचा समुद्रसपाटीचा दाब आणि क्यूएनएच हे उंचावरच्या विमानतळांवर सारखे येत नाहीत. नकाशासाठी प्रत्यक्ष तापमान धरून दाब खाली उतरवतात, क्यूएनएचसाठी प्रमाण वातावरण धरून. अल्टिमीटरच्या चाकांना प्रत्यक्ष तापमान माहीत नसल्यामुळे त्यांना त्यांच्याच भाषेतला दाब द्यावा लागतो, तरच धावपट्टीवर काटा बरोबर बसतो.

खिडकीजवळचा (धागाकर्ता)

चार दिवसांनी परत आलो आहे. वाचलेले पडताळून पाहावे म्हणून सिम्युलेटरमध्ये हवामान स्वतः ठरवले आणि समुद्रावर उडालो, म्हणजे खाली जमिनीच्या चढउतारांचा प्रश्न नको. सोबत रेडिओ अल्टिमीटर चालू ठेवला. तो रेडिओ लहरी खाली पाठवून परत यायला लागणाऱ्या वेळावरून अंतर काढतो, त्याला दाबाशी देणेघेणे नाही.

पहिल्या फेरीत समुद्रावरचा दाब ९९३ ठेवला आणि खिडकीत १०१३. काटा २,००० वर धरला, रेडिओ अल्टिमीटर १,४५० म्हणाला. नॉब ९९३ वर आणला, काटाही १,४५० वर आला. हे येथे वाचलेलेच होते, तरी दोन्ही आकडे जुळताना पाहून खुर्चीत सरळ बसलो.

दुसऱ्या फेरीत दाब १०१३, खिडकीतही १०१३, म्हणजे शून्यात काही चूक नाही. फक्त तापमान उणे ३० केले. काटा २,००० वर होता. रेडिओ अल्टिमीटर १,६८० दाखवत होता. मी तीन वेळा खिडकीकडे पाहिले. आकडा बरोबर होता.

पारा७६०

तक्त्याशी जुळते: खऱ्या १,००० फुटांना १९०, म्हणजे १,६८० ला सुमारे ३२० फूट. आपल्या सिम्युलेटरने तापमान धरले आहे.

शंकासूर

म्हणजे चूक सापडली, मोजली, आणि मोजली ती डबीने नव्हे. आता तरी जीपीएस लावा.

मनोरा

अवश्य लावा. माझ्याशी बोलताना तेवढी फ्लाइट लेव्हल सांगा.